वर्गणी भरलीच आहे तर…

सांगली

चि. सुहास,


तू पाठवलेला फर्मचा वर्षाचा जमाखर्च बघितला. मायक्रोसॉफ्ट ३६५च्या ओळीपुढे तू पेन्सिलीनं लिहिलंयस, ‘बंद करू का?’ बंद करू नकोस. पण आज जसं चाललंय तसंही चालवू नकोस.

आधी माणसं मोज. ही वर्गणी माणशी लागते आणि तुझ्या यादीत नोकरी सोडून गेलेल्यांची खाती अजून चालू आहेत. शिवाय ‘सेल्स’ आणि ‘अकाउंट्स’ या नावांनीही स्वतंत्र लायसन्स घेतलंय. हे पत्ते शेअर्ड मेलबॉक्स केलेस तर ५० जीबीपर्यंत वेगळं लायसन्स लागत नाही, आणि दोघं-तिघं मिळून ते बघू शकतात. गेलेल्यांची खाती मात्र एका झटक्यात पुसू नकोस. खातं काढलं की त्या माणसाच्या वनड्राइव्हमधल्या फायली, वेगळी सोय केली नसेल तर, ३० दिवसांनी जायला लागतात. कामाचं आधी काढून घे.

मग प्लॅन. स्टोअरकीपरला आणि सुपरवायझरला ‘स्टँडर्ड’ कशाला? ‘बेसिक’मध्ये ब्राउझरवर आणि मोबाइलवर वर्ड-एक्सेल चालतं, त्यांना तेवढं पुरे. तुझ्या स्वतःच्या स्टँडर्डमध्ये पाच संगणकांवर ऑफिस टाकता येतं, त्यामुळे घरच्या लॅपटॉपसाठी घेतलेलं दुसरं खातंही नको. वार्षिक करार असेल तर मधेच खाती कमी होत नाहीत, म्हणून नूतनीकरणाची तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाक. आणि हो, बिलावर तुझा जीएसटी नंबर दिसत नाही. तो खात्यात भर, म्हणजे पुढच्या बिलांवरच्या १८ टक्क्यांचं क्रेडिट घेता येईल.

एवढ्यानं खर्च कमी होईल. पण घेतलंय त्याचा खरा उपयोग करायचा तर तुझ्या कोटेशनपासून सुरुवात कर. ‘कोटेशन नवीन फायनल २’ नावाची फाइल तुझ्या एका माणसाच्या पेनड्राइव्हवर आहे, तिचीच जुनी प्रत तुझ्या व्हॉट्सॲपवर, आणि माइल्ड स्टील प्लेटचा नवा दर दोन्हींपैकी एकीतच. गिऱ्हाइकाला कुठली गेली, हे विचारायला फोन करावा लागतो. ही फाइल शेअरपॉइंटवर ठेव. तिघांनी एकाच वेळी उघडली तरी प्रत एकच राहते. कुणी दर चुकीचा टाकला तर ‘व्हर्जन हिस्टरी’त जाऊन कालची फाइल परत आणता येते. मात्र ती कुणा एकाच्या वनड्राइव्हवर नको. तिथलं सगळं त्या माणसाच्या खात्याला बांधलेलं असतं, शेअरपॉइंटवरचं फर्मचं राहतं. माणसं बदलतात, दरपत्रक फर्मकडेच राहिलं पाहिजे.

दुसरं काम महिनाअखेरचं. शिफ्टवार उत्पादनाच्या शीट एकेक उघडून कॉपी-पेस्ट करण्यात तुझ्या क्लार्कचा जीव जातो. सगळ्या शीटचे रकाने एकसारखे ठेवा, फायली एका फोल्डरमध्ये टाका. मग एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमध्ये ‘गेट डेटा’, तिथून ‘फ्रॉम फाइल’, मग ‘फ्रॉम फोल्डर’. जोडणी एकदा बसली की पुढच्या महिन्यात नव्या फायली त्याच फोल्डरमध्ये टाकून ‘रिफ्रेश’ दाबायचं. हा पॉवर क्वेरी नावाचा भाग तुझ्या एक्सेलमध्येच आहे, त्याला वेगळा पैसा नाही.

तिसरी गोष्ट सक्तीची. प्रत्येक खात्याला पासवर्डखेरीज मोबाइलवरची दुसरी खात्री लाव. पासवर्ड कुणा भामट्याच्या हाती लागून ‘आमचा बँक खाते नंबर बदललाय’ अशी मेल तुझ्या पत्त्यावरून गिऱ्हाइकाला गेली, तर पुढचं पेमेंट भलत्याच्याच खात्यात जाईल.

बाकीची ॲप्स राहू देत. पैसे भरलेत म्हणून प्लॅनर उघड, बुकिंग्ज उघड, असं करत बसलास तर माणसं वैतागतील आणि पुन्हा व्हॉट्सॲपवर जातील. हिशेब टॅलीत नीट चाललाय, तो तिथेच असू दे.

दिवाळीच्या आत खाती छाटून कोटेशनची एकच फाइल केलीस, तर पुढची वर्गणी बिनधास्त भर. नाही जमलं, तर फुकटातलं लिब्रेऑफिस तुला पुष्कळ झालं.

तुझी,
आत्या