ऑफिसच्या आधी एक टेकडी

पुण्यात कुठंही उभं राहून मान जरा वर केली, की बिल्डिंगांच्या फटीतून एखादी तरी टेकडी डोकावतेच. पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ, चतुःशृंगी... बाहेरगावचा पाहुणा आला की आपण ऐटीत सांगतो, ‘आमच्या गावात टेकड्या आहेत!’ आणि पाहुण्यानं ‘तू शेवटचा कधी चढलास?’ असं विचारलं की विषय बदलतो. कॉलेजात असताना... बहुतेक!

कारण सगळ्यांचं एकच. वेळच मिळत नाही हो! सकाळी आठची कॅब, मग हिंजवडीचा ट्रॅफिक, दिवसभर खुर्ची, रात्री अमेरिकेचा कॉल. हा काही बहाणा नाही, खरंच असं असतं. पण त्याचा हिशेबही मांडला गेलाय. २०२४मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. २००० साली हेच प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे आपण कमवायला लागलो, गाडी घेतली, लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला आणि त्याच काळात बसूनही राहिलो.

मग किती व्यायाम पुरेसा? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम सांगते. शिवाय आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताकद देणारं काही तरी. मध्यम दमाचा म्हणजे चालता चालता बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही इतपत. बिझी माणसासाठी खरी गंमत पुढे आहे. पूर्वी ‘सलग दहा मिनिटं तरी हवीत’ अशी अट होती. २०२०च्या नव्या सूचनांमध्ये ती निघाली. चार मिनिटांचा जिनासुद्धा आता खात्यात जमा!

जिन्याची महती तशी जुनीच. १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरनं लंडनच्या डबलडेकर बसमधल्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना केली होती. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिने चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. बस एकच, पगारही फार वेगळे नसावेत. फरक होता तो जिन्याचा.

पुणेकराला हा जिना देवानंच बांधून दिलाय. तेव्हा चला, आपापल्या टाइमटेबलप्रमाणे टेकडी निवडू.

हातात अर्धा तास : पर्वती

१०३ पायऱ्या. ऐकायला फार वाटत नाहीत, पण या पायऱ्या रुंद आणि उताराच्या आहेत. एका पायरीवर दोन-दोन पावलं पडतात, त्यामुळे चढ चांगलाच लागतो. सवय नसेल तर मध्यावर एकदा ‘व्ह्यू बघायला’ थांबावं लागतं. थांबा, कुणी हसत नाही. शेजारून पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं धावत वर जातील, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. त्यांच्या मागून पंचाहत्तरीचे आजोबा पुढे जातील, त्यांच्याकडे मात्र बघा.

वरचं देवदेवेश्वराचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९मध्ये बांधलं. पानिपतानंतर खचलेल्या नानासाहेबांचा शेवटही १७६१मध्ये इथंच झाला. सकाळी साडेसहाला वरून शहर बघताना हे आठवलं की आपली डेडलाइन जरा लहान वाटायला लागते.

चढायला दहा मिनिटं, वर पाच-सात, उतरायला आठ. २०२४पासून मेट्रो स्वारगेटपर्यंत येते, तेव्हा ‘पार्किंग मिळत नाही’ हे कारणही गेलं. स्टेशनपासूनचं चालणं बोनस समजा.

हातात पाऊण तास : हनुमान टेकडी

फर्ग्युसन कॉलेजच्या पाठीमागून किंवा गोखलेनगरच्या बाजूनं वर चढा. सेनापती बापट रोडवर ऑफिस असेल तर बॅगेत शूज ठेवले की झालं. ही टेकडी गप्पांची आहे. सकाळी सहाला इथं ठरलेले ग्रुप भेटतात, ठरलेल्या दगडावर बसतात आणि राजकारणापासून गुडघ्यापर्यंत सगळ्यावर ठरलेलं भांडण करतात. एखाद्यानं दोन दिवस दांडी मारली की तिसऱ्या दिवशी त्याला फोन जातो. जिमचं ॲपही नोटिफिकेशन पाठवतं म्हणा, पण ते म्यूट करता येतं. ‘काय रे, बरा आहेस ना?’ असं विचारणाऱ्या काकांना म्यूट कसं करणार?

व्यायाम टिकतो तो या असल्या लोकांमुळे. तेव्हा पहिल्या आठवड्यात वजनाचा काटा बघू नका, एखादी ओळख करून घ्या.

हातात दीड तास : वेताळ टेकडी

शहराच्या हद्दीतला हा सर्वात उंच माथा, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर. लॉ कॉलेज रस्ता, पाषाणची पंचवटी, कोथरूड, गोखलेनगर, कुठूनही चढता येतं. माथ्यावर वेताळाचं देऊळ, खाली जुन्या खाणीत साठलेलं पाणी आणि नशीब असेल तर मोराची केकावली. पावसाळ्यात गवत कमरेला लागतं. उन्हाळ्यात तेच गवत वाळून पिवळं होतं आणि कुणाच्या तरी बिडीच्या थोटकानं पेटतंही. तेव्हा वर काडी ओढू नका, आणि ओढणाऱ्याला टोकायला लाजू नका.

शनिवारी इथं या. चढ फार तीव्र नाही, पण लांब आहे, आणि वर पोचल्यावर सपाटीवर हवं तेवढं चालता येतं. खाली पौड रोडचे हॉर्न वाजत असतात आणि वर तुम्हाला स्वतःच्या बुटांचा आवाज ऐकू येतो. ही शांतता फुकटात मिळते म्हणून गृहीत धरू नका. बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि बोगदे या टेकडीतून नेण्याच्या प्रस्तावावरून २०२३च्या एप्रिलमध्ये पुणेकर मोठ्या संख्येनं मोर्चात उतरले होते. रस्ता हवा म्हणणाऱ्यांचंही ऐकायला हवं. सिग्नलला रोज वीस मिनिटं घालवणाऱ्याला ती वीस मिनिटं हवीच असतात. पण मोकळ्या झालेल्या वीस मिनिटांत चालायला जायचं कुठं, हेही त्याच दमात विचारायला हवं. ट्रेडमिलवर?

आणि या प्रश्नावर मत द्यायचं तर आधी एकदा वर जाऊन यावं. नकाशातली हिरवी पट्टी आणि पायाखालची टेकडी यात पुष्कळ अंतर असतं.

सकाळ तुमची नसेल तर : तळजाई

व्यायामाच्या सल्ल्यांमध्ये एक गोष्ट कायम राहून जाते. सकाळी सहा ते आठ हा वेळ सगळ्यांचा नसतो. त्या वेळात कुणीतरी डबे भरत असतं, कुणाची तरी स्कूलबस गाठत असतं, आणि हे ‘कुणीतरी’ बहुतेक घरांत बाईच असते. लॅन्सेटच्या त्याच अभ्यासात कमी हालचाल करणाऱ्या भारतीय स्त्रियांचं प्रमाण ५७ टक्के आहे आणि पुरुषांचं ४२. हा फरक आळसाचा नाही, पोळ्यांचा आहे!

माझी एक मैत्रीण बँकेत आहे. सहकारनगरला राहते. तिनं यावर साधा तोडगा काढला. आठवड्यातले तीन दिवस ऑफिसमधून घरी न जाता थेट तळजाई. ‘एकदा घरात पाऊल टाकलं की मी कुकर लावते,’ ती म्हणते. ‘म्हणून पाऊलच टाकत नाही.’ त्या तीन दिवशी कुकर नवरा लावतो. पहिल्या महिन्यात भात दोनदा करपला, तिसऱ्या महिन्यापासून तो वरणही करायला लागला.

तळजाईचं वन म्हणजे संध्याकाळचं शहर. झाडीतल्या रुंद वाटा, तळजाईमातेचं देऊळ, चालणारे, पळणारे, नुसतेच बसलेले. चढ कमी, त्यामुळे गुडघे कुरकुरत असतील तर इथूनच सुरुवात बरी. फक्त अंधार पडायच्या आत खाली या आणि शक्यतो सोबतीनं जा, हे सगळ्याच टेकड्यांना लागू.

आणि रविवार? अर्थात सिंहगड!

शहरापासून तीसेक किलोमीटर, आतकरवाडीतून पायवाट. सवयीचे लोक तासाभरात वर असतात, नवख्यांनी दीड-दोन तास धरावेत. दर रविवारी न चुकता चढणारे लोक इथं भेटतील आणि आपल्याला लागलेली वेळ ते न विचारता सांगतील. वर झुणका-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही. खाल्लं म्हणून चढलेलं वाया जात नाही. फक्त गाडीनं वर जाऊन भजी खाण्याला ‘ट्रेक’ म्हणू नका, एवढंच!

आता हिशेब जुळवा. आठवड्यात तीनदा अर्धा-अर्धा तास पर्वती म्हणजे ९० मिनिटं. शनिवार-रविवारपैकी एक दिवस तासभर वेताळ. झाले १५०! ज्या दिवशी काहीच जमणार नाही, त्या दिवशी मेट्रोचा सरकता जिना सोडून साधा धरा. सिव्हिल कोर्टाचं भुयारी स्टेशन जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे. तीही एक उलटी टेकडीच.

चढण्याआधी

• पहिले दोन आठवडे फक्त पोचा. स्पीड नंतर.
• उतरताना घाई नको. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतारामुळे. पावलं छोटी टाका.
• तळाला चांगली पकड असलेले शूज घ्या. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर चपला नकोत.
• बीपी, शुगर, हृदयाचा त्रास असेल किंवा बऱ्याच वर्षांत व्यायाम झाला नसेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चढताना छातीत दाबल्यासारखं वाटलं, गरगरलं तर तिथंच थांबा आणि मदत मागा.
• स्नायूंचा कोटा घरीच भागवा. आठवड्यातून दोनदा उठाबशा आणि भिंतीला टेकून जोर. चहा उकळेपर्यंत होतात.
• पाण्याची बाटली न्या, आणि ती परत आणा.

सगळ्या टेकड्या एकदम नकोत. घरापासून किंवा ऑफिसपासून पंधरा मिनिटांत गाठता येईल अशी एकच निवडा, कॅलेंडरवर मीटिंगसारखी टाका आणि समोरच्यानं ‘त्या वेळी फ्री आहेस का?’ विचारलं तर सरळ ‘नाही’ म्हणा. कुणाबरोबर मीटिंग आहे ते सांगायची गरज नाही. वेताळाचं नाव ऐकून तसंही कुणी पुढे विचारणार नाही!