सादळलेली फिल्म

जुलैच्या पहिल्या आठवड्यात माझ्या फिल्मची वाहकता एकदम वीसपट वाढली आणि मी प्रयोगशाळेच्या जिन्यातूनच आईला फोन लावला. तिने "छान झालं, जेवलीस का?" एवढंच विचारलं. जेवले नव्हते.

पीएचडीचं दुसरं वर्ष होतं. मुंबईत राहून मी पॉलिएथिलीन ऑक्साइडच्या फिल्म बनवत होते. पांढरी भुकटी आणि लिथियमचा क्षार ॲसिटोनायट्राइलमध्ये रात्रभर ढवळायचा, पेट्री डिशमध्ये ओतायचा, द्रावक उडून गेला की दुधी रंगाची पातळ चकती सोलून काढायची. ती पोलादाच्या दोन चकत्यांमध्ये दाबून तिचा विद्युत रोध मोजायचा. अशा पॉलिमरमध्ये क्षार विरघळतात हे शेफील्डच्या पीटर राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये दाखवलं होतं. १९७८ मध्ये मिशेल आर्मां यांनी त्यातून बॅटरी करता येईल असं सुचवलं. अडचण तेव्हाही तीच होती, आजही तीच आहे: खोलीच्या तापमानाला आयन फारच सावकाश सरकतात.

का, ते समजायला मला पुस्तकं वाचूनही बराच वेळ लागला. लिथियमचा आयन पॉलिमरच्या साखळीतल्या चार-पाच ऑक्सिजनांनी धरून ठेवलेला असतो. शेजारचा तुकडा वळवळला, नवे ऑक्सिजन पुढे आले, की जुने सुटतात आणि आयन पुढे जातो. पण तुकड्याला वळवळायला जागा हवी. साखळ्यांनी व्यापलेली जागा वजा करून जी पोकळी उरते, ते मुक्त आकारमान. कोहेन आणि टर्नबुल यांनी १९५९ मध्ये मांडलं, की ही पोकळी सतत इकडून तिकडे वाटली जात असते आणि एका ठिकाणी पुरेशी मोठी फट योगायोगाने जमली तरच शेजारचा रेणू हलतो. साखळ्या थिजतात त्या तापमानाला ही पोकळी जेमतेम अडीच टक्के उरते, असा एक जुना अंदाज आहे. (त्या तापमानाला मराठीत काचबिंदू म्हणावं तर डोळ्यांचा डॉक्टर आठवतो, म्हणून आम्ही नुसतं टीजी म्हणायचो.) वर क्षार घातला की लिथियम साखळ्यांना बांधून टाकतो आणि टीजी आणखी चढतो. म्हणजे आयन वाढवावेत तर ते स्वतःचीच वाट अडवतात.

पोकळी वाढवायचा सरळ मार्ग म्हणजे उष्णता. पॅरिसमध्ये २०११ साली भाड्याने फिरू लागलेल्या विजेच्या गाड्यांची पॉलिमर बॅटरी म्हणूनच गरम ठेवावी लागे. मला मात्र ३० अंशांवरच यश आलं होतं. आलेख घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी आलेखाकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "डेसिकेटरमधल्या सिलिका जेलचा रंग कोणता आहे?"

मला सांगता येईना. रागही आला.

दुपारी मेसमध्ये ताटात सकाळी तळलेला पापड होता. मोडायला गेले तर तो कापडासारखा दुमडला. मावशींना म्हटलं, तर त्या माझ्यावरच उखडल्या, "अगं, बाहेर पाऊस बघ की! उघडा राहिला, सादळला." मी पापड तसाच हातात धरून बसले. सकाळी माझी फिल्म चिमट्याला चिकटत होती, आणि मी त्याला नव्या मिश्रणाचा गुण समजले होते.

पापडातल्या पिठात जे झालं तेच माझ्या चकतीत. पाण्याचे चिमुकले रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरतात, त्यांना दूर सारतात, टीजी खाली आणतात. कडक होतं ते लुळं पडतं. शिवाय पाणी लिथियमला साखळीपासून सोडवून स्वतःबरोबर नेतं, ते वेगळंच. वाहकता खरोखरच वाढली होती, फक्त तिचं श्रेय मी भलत्यालाच दिलं होतं. आणि लिथियम धातूच्या बॅटरीत ही वाढ कवडीच्या कामाची नाही, कारण तो धातू पाण्याशी लगेच भांडतो.

डेसिकेटर उघडला. निळं असायला हवं ते सिलिका जेल पूर्ण गुलाबी झालं होतं. तीच फिल्म निर्वात भट्टीत ५० अंशांवर रात्रभर ठेवली, सकाळी घाईने मोजली. आकडा जूनमध्ये होता तिथेच परत आला, सेंटिमीटरला सिमेन्सच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास.

सरांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "आता मुद्दाम ओली करून मोज," म्हणाले. पुढचे तीन महिने मी तेच केलं: वेगवेगळ्या आर्द्रतेत फिल्म ठेवायची आणि टीजी किती उतरतो, वाहकता किती चढते ते पाहायचं. मुक्त आकारमान मला कळलं ते या कामात. तापवून असो वा भिजवून, फिल्मचं तापमान टीजीच्या जितकं वर असे तितका आयन मोकळा होई.

पॉलिमरवर नव्याने काम सुरू करणाऱ्यांना, विशेषतः मुंबई-कोकणातल्या मुलामुलींना, एक विनंती आहे. वहीत वाहकतेच्या आकड्याशेजारी त्या दिवसाची आर्द्रता लिहीत जा. माझ्या वहीत जुलैच्या त्या पानावर तो रकानाच नाही.