एका चाकावर नाशिक ते पंढरपूर

रविवार, सिन्नर

सकाळी साडेसहाला नाशिकरोडहून निघालो. थंडी बोचरी होती. मामा त्यांच्या जुन्या ॲटलसवर, कॅरियरला दोघांचं सामान बांधून, मी एकचाकीवर. निवृत्तिनाथांची पालखी जाते त्याच वाटेनं जायचं, फक्त आषाढाऐवजी पौषात. शिंदे-पळसे येईतो अंगात ऊब आली. मोहदरी घाटात उतरून चाक हातानं ढकलत नेलं. पायडलवर जोर लावला की सीट डावी-उजवी पिळते आणि मांड्या सोलतात, म्हणून चढाला ढकलणंच बरं.

रस्त्याला लागल्यापासून पोरांची एकच आरोळी, "सर्कस आली, सर्कस!" आपल्याकडे एकचाकी लोकांनी पाहिली ती सर्कशीतच, आणि ती सर्कस विष्णुपंत छत्र्यांनी १८८० सालीच उभी केली. चार पिढ्यांची ओळख आहे. मी प्रत्येकाला हात करतो.

वाचकांना आधी वाहन सांगायला हवं. चाक ३६ इंची. पायडलची एक फेरी झाली की पावणेतीन मीटरपेक्षा थोडं जास्त पुढं जातं. गिअर नाही, फ्रीव्हील नाही. उतारावरसुद्धा पाय फिरतेच ठेवावे लागतात. साध्या सायकलवर माणसाचा भार सीट, हँडल आणि पायडल असा तिघांत वाटला जातो, आणि बूड दुखलं की पायडलवर उभं राहून दोन मिनिटं सुटका करून घेता येते. इथं जवळजवळ सगळा भार सीटवर. एकचाकीची सीट केळ्यासारखी वाकलेली असते, दोन्ही टोकं वर आणि मध्ये खोलगट. त्यामुळं वजन बसायच्या दोन हाडांवर न पडता त्यांच्या मधल्या मऊ जागेवर येतं, आणि नेमक्या तिथूनच नस जाते. अर्ध्या तासात मुंग्या, तासाभरात बधिरपणा. बायकापुरुष कुणीच हे मोकळेपणानं बोलत नाही, आणि त्यापायी कित्येकांनी लांब पल्ल्याचा नाद सोडलेला मी पाहिलाय. म्हणून इथं स्पष्ट लिहितोय.

मामा ओझरच्या एचएएलमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. विमानाच्या कामात ज्यांचा जन्म गेला त्यांना माझं हे एक चाक म्हणजे पोरखेळ वाटेल असं मला वाटलं होतं. त्यांनी सीट हातात घेतली, उलटी केली, पुढच्या मुठीचे बोल्ट पाहिले आणि विचारलं, "लोड कुठं जातोय?" मी दाखवलं. "मग तो हलवायचा. गादी नंतर." त्यांनी मुठीच्याच भोकांत बसेल अशी पट्टी कापली, तिला पाऊण इंची पाइप वेल्ड केला, टोकाला जुन्या सायकलचं स्टेम लावलं आणि त्यात वीतभर रुंदीचा आडवा दांडा. ब्रेकचा लिव्हर सीटखालून काढून दांड्यावर आणला. आता पुढं झुकून हातांवर वजन देता येतं.

आज त्याचा उपयोग झाला. तरीही शेवटचे आठ-दहा किलोमीटर जीव घेणारे. गोंदेश्वराला जायचं होतं, गेलो नाही. पालथा पडून लिहितोय.

सोमवार, तळेगाव दिघे

चहा ४०, मिसळ १६०, पंक्चर (मामांचं) ५०, रात्रीचं जेवण २२०. मुक्काम एका शाळेच्या पडवीत, फुकट.

नांदूर शिंगोट्याला दीड तास गेला. ब्रेकची केबल आखूड पडत होती, आपोआप ब्रेक लागायचा. नवी केबल ९०.

सीट दुखते.

मंगळवार, राहुरी

उसाच्या ट्रॉल्या. लोणीपासून कोल्हार, कोल्हारपासून राहुरी, एकामागं एक. एका ट्रॅक्टरला दोन दोन, वर गाणी लावलेली, मागं दिवा नाही. ट्रॉली शेजारून गेली की वाऱ्यानं चाक डचमळतं आणि ऊस बाहेर आलेला असेल तर खांद्याला लागतो. प्रत्येक वेळी उतरून कडेला उभं राहिलो. हंगाम आहे, हे लोक रात्रंदिवस राबतात, त्यांच्याशी भांडण नाही. पण मागचा लाल दिवा लावायला किती खर्च येतो?

प्रवरेच्या पुलावर थांबलो तेव्हा मामांनी गूळ-शेंगदाणे काढले. १९५० साली सुरू झालेला प्रवरेचा साखर कारखाना आशिया खंडातला पहिला सहकारी, हे त्यांनी शिंदे-पळशापासून सांगायचं ठरवलं असावं, इतक्या आनंदानं सांगितलं.

आज तंत्राची एक गोष्ट पक्की झाली. दांडा मुळात एक हात पुढं होता. त्यावर जोर दिला की सगळं धूड पुढं कलंडायला बघतं आणि ते सावरायला मागं तेवढंच दाबून बसावं लागतं; हातांनी घेतलेलं वजन पुन्हा सीटवरच. संध्याकाळी मामांनी लॉजच्या मागं पाइप हॅकसॉनं चार बोटं कापला. पाने-हातोडी ते पिशवीतून घेऊनच निघालेत. कापल्यावर फरक लगेच कळला. दांडा रुंद असता तर गुडघे आपटले असते, तो वीतभर ठेवला ते उत्तम.

सीट मात्र दुखतेच. मांडीला आतून चट्टे उठलेत. खोबरेल लावलं.

बुधवार, नगर

(कागदोपत्री आता अहिल्यानगर; माझ्या हाताला जुनं नाव बसलंय.)

कृषी विद्यापीठाच्या लांबलचक शिवारावरून येताना वारा तोंडावर. वेळ जावा म्हणून आमच्या गावच्या सायकलवाल्यांचा विचार करत होतो. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे नाशिकचे दोघे भाऊ २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका'त जोडीनं उतरले आणि सुमारे ४८०० किलोमीटर नऊ दिवसांच्या आत संपवले. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्यानं बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. असं करणारे ते पहिले भारतीय, आणि त्यांच्या पाठोपाठ नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोचले. नाशिकमध्ये पहाटे त्र्यंबक रोडला हेल्मेटवाल्यांची रांग दिसते ती या लोकांमुळं.

त्या शर्यतीतला एक आजार मला आत्ता फार जवळचा वाटतो. १९८३ मध्ये मायकेल शर्मर नावाच्या स्वाराची मान शर्यतीतच अशी ढिली पडली की डोकं वर धरता येईना. तेव्हापासून त्याला 'शर्मर्स नेक' म्हणतात. पुढं झुकून तासन्‌तास मान उचलून बघायचं, याची ती किंमत. म्हणजे बुडाचा भार हातांकडं सरकवला तर तो पुढं खांद्याकडं आणि मानेकडं जातो. माझी मान आज दुपारपासून अवघडली आहे आणि करंगळी झोपल्यासारखी वाटते. भार नाहीसा होत नाही, कुठंतरी जातोच. मामांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता.

उद्या मुक्काम. गादीचं काम करायचं.

गुरुवार, नगर

आज चाललो नाही, पण दिवस भरून आला.

माळीवाड्याच्या बाजूला मोटारसायकलच्या सीट शिवणाऱ्यांची दुकानं आहेत. पहिल्या दोघांनी वस्तू पाहून नकार दिला. तिसरा पन्नाशीचा, बुटका, कानामागं खडू. सीट त्याच्यापुढं ठेवली. त्यानं अंगठ्यानं ती मधोमध दाबली, मग टोकाला, मग मागं. विचारलं, "किती तास बसता?" मी म्हटलं, पाच-सहा. "मग मऊ मागू नका. मऊ सीट पहिला तास झकास लागते. मग हाड खाली उतरतं, फोम दोन्ही बाजूंनी वर येतो आणि नको तिथं दाबतो. ट्रकवाले येतात ना, नव्या गाडीची डनलॉप काढून टाका म्हणतात."

लांब पल्ल्याचे एकचाकीवाले जगभर जे सांगतात तेच हा माणूस एकही एकचाकी न बघता सांगत होता.

त्यानं टीव्हीच्या खोक्याचा नळीदार पुठ्ठा फाडला, बाकावर टाकला आणि म्हणाला, "बसा. पाय उचला. थोडं पुढं वाका." उठलो तर पुठ्ठ्यावर दोन वाटोळे खड्डे. त्यानं त्यांभोवती खडू फिरवला आणि टेपनं मधलं अंतर मोजलं, सव्वाबारा सेंटिमीटर. "तुमची दोन हाडं इथं. माल इथं पाहिजे. मधे काही नको."

मग जे केलं ते मी स्टुलावर बसून शेवटपर्यंत पाहिलं. जुनं कव्हर दाभणानं उसवलं. फोम पूर्ण काढला आणि खालचा प्लॅस्टिकचा तळ उघडा केला. मागच्या खोलगट भागात चपलांच्या तळव्याचं घट्ट इव्हा शीट, दोन थर, सोल्युशननं चिकटवून केळ्याचा बाक भरून काढला; बसायची जागा जवळपास सपाट झाली. त्यावर दोन हाडांखाली रिबॉन्डेड फोमचे दोन तुकडे, तळहाताएवढे, कडा ब्लेडनं तासून निमुळत्या. मधे दोन बोटं रुंद चर, नाकापर्यंत मोकळा. पुढचं नाक त्यानं अरुंद केलं, कारण मांड्या घासतात तिथंच. दर पाच मिनिटांनी मला बसवायचा, चेहरा बघायचा आणि उठवायचा.

हवेची सीट मी त्याला सुचवली होती. लहान पोरांच्या सायकलची ट्यूब घडी करून कव्हरखाली घालायची आणि व्हॉल्व्ह बाहेर ठेवायचा, हा एकचाकीवाल्यांचा जुना उपाय आहे. हवा कमीजास्त करून बसणं बदलता येतं. त्यानं ऐकून घेतलं. "हवा सगळीकडं सारखी दाबते," म्हणाला. "तुम्हाला सारखी नकोय." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि आता ते नकोही आहे.

कव्हरला रेक्झिन फक्त बाजूंना, वर जाड सुती कापड, कारण रेक्झिन घाम पीत नाही. शिवण मांडीच्या कडेला येऊ न देता खाली वळवून घेतली. मेणदोऱ्याचा टाका घालताना दर वेळी दोरा ओठांतून ओढायचा.

४५० म्हणाला. मी ६०० देत होतो, घेतले नाहीत. "पंढरपूरला जाताय. माझ्या वतीनं एक तुळशीची माळ घाला."

शिवण चालू असताना मी त्याला या चाकाची हकीकत सांगितली होती. टेनेसीतल्या कोकर या जुन्या मोटारींची टायरं बनवणाऱ्या कंपनीनं नव्वदच्या दशकात ३६ इंची टायर आणि एकचाकी काढली आणि एका चाकावर लांब जाणं जमू लागलं. सॅम वेकलिंग या ब्रिटिश स्वारानं २००७ मध्ये चोवीस तासांत ४५३ किलोमीटर कापले. सॉमरसेटचा एड प्रॅट २०१५ मध्ये विशीच्या आत घरून निघाला आणि जगाला फेरी घालून २०१८ मध्ये परतला. सीटवाल्यानं हातातलं काम न थांबवता विचारलं, "त्याची सीट कुणी शिवली?"

खर्च: सीट ४५०, इव्हा शीट ८०, चहा (चौघांचा, दोनदा) ८०, लॉज ७००.

शुक्रवार, मिरजगाव

रुईछत्तिशी, घोगरगाव, मिरजगाव. मधे एकदाही मुंग्या आल्या नाहीत. हे वाक्य लिहायला किती वाट पाहिली!

मिरजगावच्या अलीकडं ज्वारीच्या शेतात धूर दिसला आणि बांधावरून एका आजींनी हाक मारली, "ए लेकरा, ते काय घेऊन पडशील! ये, हुरडा खा." आगटीत शेणकुटांचा निखारा, त्यात कणसं. आजी कणीस काढायच्या, तळहातावर चोळायच्या, फुंकर मारायच्या आणि हिरवे गरम दाणे आमच्या ओंजळीत. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, बोरं, गूळ. मामा बोलायचे थांबले, हे प्रवासात पहिल्यांदा. मी ढेकळांवर मांडी घालून तासभर बसलो. मंगळवारी हे शक्य नव्हतं.

आजींनी सीटवर हात फिरवला. "खोगिराला बी अशीच मधे खाच असते," म्हणाल्या. त्यांच्या वडिलांकडं घोडी होती. पाठीचा कणा मोकळा राहिला नाही तर जनावराला जखम होते, म्हणून. मी मामांकडं पाहिलं. मामा वही मागत होते.

पैसे विचारायची हिंमत झाली नाही. मामांनी गुळाची उरलेली ढेप ठेवली.

शनिवार, करमाळा

चहा ३०, वडापाव ६०, खोबरेल ४५, लॉज ६००.

करंगळी अजून झोपते. बाजारात सायकल दुकानदारानं स्टेम उलटं लावून दिलं, दांडा दोन इंच वर आला. त्यावर जुन्या ट्यूबचे दोन वेढे. मजुरी घेतली नाही, फक्त एक फेरी मारून दाखवा म्हणाला. दाखवली.

रविवार, टेंभुर्णी

मान ठीक. हात ठीक. वारा मागून. कंदरची केळी डझनभर ४०. ट्रॉल्या.

सोमवार, पंढरपूर

करकंब मागं पडल्यावर मामा पुढं निघून गेले आणि पुलाशी माझी वाट बघत थांबले. चंद्रभागेत पाय बुडवले, चाकही बुडवलं. दर्शनाच्या रांगेत पावणेतीन तास. तुळशीच्या तीन माळा घातल्या, एक नगरच्या सीटवाल्याची, एक आजींची, एक आमची. प्रत्येकी १०.

संध्याकाळी एसटी स्टँडवर नाशिकच्या गाडीत चाक चढवायचा प्रश्न. कंडक्टरनं ते सगळ्या बाजूंनी पाहिलं, मग माझ्याकडं, मग म्हणाला, "सीट काढून हातात घ्या. चाकाचं लगेज फाडतो, सीटचं नाही." तेवढ्यानं भागलं. ॲटलस टपावर.

गाडी सुटेपर्यंत मामांनी तिकिटाच्या मागं नवा दांडा काढला. पाइप ॲल्युमिनियमचा घ्यायचा, सातपूरला मिळेल. पट्टीला दोन जास्त भोकं, म्हणजे उंची रस्त्यातच बदलता येईल. मी म्हटलं, नाकाला अजून अर्धा इंच उचलून बघू. मामा म्हणाले, "आधी लोड मोजू. घरचा वजनकाटा आहे, पुठ्ठाही आहे."