सुरंगीच्या गावात

फाल्गुनात वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाणाऱ्या एस. टी.त बसलं, की आरवली आल्याचं कंडक्टरनं सांगावं लागत नाही. खिडकीतून सुरंगीचा वास आत येतो, आणि डब्यात डोळा लागलेला माणूसही मान वर करून बाहेर पाहतो.

आरवली म्हणजे वेतोबाचं गाव. देवाला भल्यामोठ्या वहाणा आणि केळ्यांचे घड वाहायला लांबून लोक येतात. त्यांचं दर्शन झालं की ते परततात. आम्ही मात्र देवळातून निघून जांभ्या दगडाच्या गडग्यांमधल्या पाणंदीनं एका ओळखीच्या घरी गेलो. परड्यात सासऱ्यांच्या हातची तीन सुरंगीची झाडं उभी होती.

सुरंगी आपल्या सह्याद्रीच्या आणि पश्चिम किनाऱ्याच्या मुलखातलीच. झाड सदाहरित, पान जाड, चकचकीत. फूल पांढरं, मधे पिवळ्या केसरांचा झुबका. पण ते शेंड्याला येत नाही. पानांच्या मागं, जुन्या फांदीच्या उघड्या अंगाला घोसानं चिकटून येतं. ही एवढीच गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण झाडाचं सारं भलंबुरं तिच्यावर आहे.

उजाडायच्या आत घरातली माणसं परड्यात होती. खाली जुनी लुगडी पसरलेली, वर पुतण्या चढलेला. काकी खालून ओरडत होत्या, "रे, खांदी मोडू नको हां! मोडलंस तर फुडच्या वर्सा फुलां खंय येतली?"

त्यामागं एक दुखणं होतं. काही वर्षांमागं घरात आजारपण निघालं. पैशाची नड, म्हणून काकींनी तिन्ही झाडं एका व्यापाऱ्याला उक्ती दिली. त्याच्या माणसांना घाई. चढून एकेक कळी खुडण्यापेक्षा फांदी मोडून खाली टाकायची आणि जमिनीवर बसून कळ्या काढायच्या, असा त्यांनी सपाटा लावला. पैसे रोख मिळाले. पण पुढची कित्येक वर्षं झाडांनी हात आखडला. मोडली ती फुलं धरणारी जुनी फांदीच. नवी फांदी जून होईपर्यंत तिथं फूल कुठून येणार? "औषधपाण्याचे पैसे त्या वर्षी सुटले, ते नंतर झाडानं वसूल करून घेतले," काकी म्हणाल्या. तेव्हापासून झाड उक्तं द्यायचं नाही, घरच्यांनीच काढायचं, आणि चढणाऱ्यानं कमरेला दोर बांधायचा, असा घरचा नेम आहे.

उमललेल्या फुलांचे वळेसार होतात आणि सकाळीच बाजाराला जातात. कळ्या मात्र खळ्यात उन्हात वाळवतात. वाळून तांबूस झाल्या तरी वास जात नाही. अत्तराला आणि औषधाला त्यांना मागणी असते. दमट राहिल्या तर बुरशी धरते, म्हणून कडक वाळल्याशिवाय पोत्यात भरायच्या नाहीत.

कोकणात ज्यांचं परडं आहे त्यांनी सुरंगीचं एखादं झाड जरूर लावावं. फळ पिकलं की बी ताजंच पिशवीत रुजवावं, ठेवणीतलं बी उगवत नाही. रोप सावलीत वाढवून पावसाळ्याच्या तोंडाला लावावं. झाड मोठं होतं, तेव्हा दोन रोपांत वीस-पंचवीस फूट सोडावेत. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी, बुंध्याशी पालापाचोळा आणि गुरांपासून कुंपण, एवढं दिलं की पुढं त्याचं तेच बघतं.

मात्र बियांच्या रोपाला फुलं यायला बरीच वर्षं लागतात. काही झाडं नर निघतात, त्यांना फुलं येतात पण फळ धरत नाही. म्हणून ज्या झाडाचा गुण माहीत आहे त्याची काडी घेऊन बांधलेलं कलम बरं. देशावरच्या कोरड्या हवेत मात्र हा हट्ट धरू नये.

निघताना काकींनी बायकोच्या वेणीत वळेसार माळला. घरी आल्यावर तो सुकला, तो तिनं कपड्यांच्या ट्रंकेत ठेवला. ट्रंक उघडली की अजून आरवलीची सकाळ घरात येते, आणि काकींची ती हाकही.