राजहंसगडावरून दिसणारी दुर्बीण

बेळगावचे दिवे मागे टाकून येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेले की दक्षिणेचे क्षितिज मोकळे मिळते. पाऊस उघडला असेल तर सर्वपित्री अमावास्येच्या आसपास, रात्री आठच्या सुमारास, मी विद्यार्थ्यांना तिथे नेतो. नैर्ऋत्येला वृश्चिकाची नांगी, म्हणजे आपले मूळ नक्षत्र दिसते. तिच्या डावीकडे धनू, धनूखाली दक्षिण मुकुटाची लहानशी कमान आणि त्याहून खाली दोन-तीन मिणमिणते तारे. त्या तारकासमूहाचे नाव ‘दुर्बीण’. त्यातला सर्वांत ठळक ताराही जेमतेम साडेतीन प्रतीचा. “इष्टेना सर?” हा प्रश्न हमखास येतो.

या नावाची जन्मकथा केप टाऊनची आहे. निकोला-लुई द लाकाय हा फ्रेंच धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ १७५१ साली तिथे उतरला. स्ट्रँड स्ट्रीटवरच्या एका घराच्या आवारात, अर्धा इंच भिंगाच्या लहानशा दुर्बिणीने त्याने वर्षभरात जवळजवळ दहा हजार ताऱ्यांच्या जागा मोजल्या. मग रिकाम्या वाटणाऱ्या आकाशात त्याने चौदा नवे समूह कल्पिले. जुन्या समूहांत वीर आणि पशू होते. याने घड्याळ, सूक्ष्मदर्शक, कर्कटक अशा कामाच्या वस्तूंना तिथे जागा दिली. एक समूह मात्र गावामागच्या टेबल माउंटनच्या नावे केला. ‘दुर्बीण’ म्हणजे पॅरिसच्या वेधशाळेतली लांबलचक दुर्बीण.

ती पूर्ण करण्यासाठी त्याने शेजाऱ्यांचे तारे घेतले. पुढच्या खगोलशास्त्रज्ञांनी ते परत केले. तिचा ‘बीटा’ धनूत गेला, ‘गॅमा’ वृश्चिकात. १९३० साली सर्व तारकासमूहांच्या सीमा अधिकृतपणे आखल्या गेल्या. त्यामुळे आजच्या दुर्बिणीत ‘आल्फा’ आहे, पण ‘बीटा’ आणि ‘गॅमा’ नाहीत. तारे होते तिथेच राहिले. नकाशावरची रेघ सरकली आणि त्यांचा पत्ता बदलला. हे आमच्या सीमाभागातल्या मुलांना फारसे समजावून सांगावे लागत नाही. “म्हणजे आपल्यासारखंच की!” असे कोणीतरी म्हणतेच, आणि मग ते मिणमिणते तारे मुले जरा जास्त वेळ बघतात.

वाचकहो, येत्या सर्वपित्रीला आकाश निरभ्र असेल तर घरच्या मुलांना घेऊन एखाद्या उघड्या माळावर जा. ही ‘दुर्बीण’ पाहायला दुर्बीण लागत नाही. फक्त टॉर्च आणि मोबाईल पंधरा-वीस मिनिटे बंद ठेवा आणि डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या.