धूर नाही, म्हणून काय झालं?

कोकेन म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? रेव्ह पार्टी, फार्म हाऊस, पेज थ्रीवरचे चेहरे. माझं आजोळ चंद्रपूरचं. तिथे नशेचा चेहरा एकदम घरगुती आहे: पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळणारा खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, बस्स! चंद्रपूर असो की गडचिरोली, ऑफिसात, एसटीत, लग्नाच्या मांडवात कुणीतरी पन्नी पुढे करतोच.

माझा मामेभाऊ बँकेत आहे. वय 26, जिमला जातो, सिगारेटला हात लावत नाही. दिवसाला चार खर्रे मात्र पक्के. ‘ताई, याच्यात धूर कुठं आहे?’ हे त्याचं ठरलेलं उत्तर.

तोंडाच्या कॅन्सरचं सगळ्यांना माहीत असतं. पण हार्टचं काय?

आधी कोकेन बघू. त्यामुळे ठोके वाढतात, बीपी चढतं आणि त्याच वेळी हृदयाच्या रक्तवाहिन्या आखडतात. रक्ताची गुठळीही चटकन होते. म्हणजे हृदयाला ऑक्सिजन जास्त हवा, नेमका तेव्हाच पुरवठा कमी! 1999 च्या एका अमेरिकन अभ्यासात कोकेन घेतल्यावर पहिल्या तासात हार्ट अटॅकचा धोका जवळपास 24 पट आढळला होता.

खर्रा म्हणजे कोकेन नव्हे, मान्य. पण निकोटिनही अ‍ॅड्रेनालिन उसळवतं, ठोके आणि बीपी वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतं. चुन्यामुळे ते गालाच्या आतून भराभर रक्तात उतरतं. आणि हा डोस सकाळपासून रात्रीपर्यंत चालू. 52 देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात (2006) नुसती तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही हार्ट अटॅकचा धोका दुपटीहून जास्त निघाला. धुराशिवाय!

राज्यात 2012 मध्ये गुटखाबंदी आली. गडचिरोलीत 2016 मध्ये डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’च्या पुढाकारानं ‘मुक्तिपथ’ सुरू झालं, दारू आणि तंबाखू गावागावांतून कमी करण्यासाठी. पण खिशातली पन्नी शेवटी ज्याची त्यालाच फेकावी लागते.

भावाला मी स्वीडनचा 2014 चा अभ्यास सांगितला. तिथे हार्ट अटॅकनंतर तोंडातली तंबाखू सोडणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण न सोडणाऱ्यांच्या साधारण निम्मं होतं. तो म्हणाला, ‘म्हणजे अटॅक आल्यावर सोडली तरी चालते?’ मी म्हटलं, ‘हो, वाचलास तर!’

तो हसला नाही. सध्या चारवरून दोनवर आलाय. शून्याची वाट बघतेय.