गुळाचा खडा

वाण्याची यादी हा माझ्या मते मराठी गद्यातला सर्वांत सुबोध प्रकार. तांदूळ, साखर, पोहे, रवा, गूळ. क्रियापद नाही, अलंकार नाही, तरी वाचणाऱ्याला अर्थ चोख कळतो. मुलांना निबंध शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. पण दर महिन्याला लक्ष्मीपुरीत नेत असे ती यादीच माझे खरे निर्दोष लेखन. गेल्या मार्चपासून मात्र ती लिहिताना माझा हात अडतो.

आमच्या आठ वर्षांच्या धाकटीला फिट येतात. दोन औषधे झाली, तिसरे झाले, फिट हटेनात. तेव्हा डॉक्टरांनी औषधांच्या जोडीला कीटो आहार सुचवला. हल्ली हे नाव पोट कमी करू पाहणाऱ्या मंडळींच्या तोंडी असते. माझ्या एका सहकाऱ्याने पंगतीत ते उच्चारून जिलबी नाकारली आणि आग्रह होताच दोन वाढून घेतल्या! पण मुळात हा आहार निघाला तो फेफऱ्यावरच. उपासाने फिट थांबतात हे जुन्यांना ठाऊक होते. पण लेकराला किती दिवस उपाशी ठेवणार? १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी तोड सुचवली. पिष्ट आणि साखर जवळजवळ बंद करून स्निग्ध पदार्थ भरपूर दिले, तर शरीर उपासातल्यासारखेच चरबी जाळू लागते.

आहारतज्ज्ञ बाईंनी कागद दिला. प्रथिने आणि पिष्टे मिळून एक भाग, स्निग्ध तीन भाग. भात नाही, भाकरी नाही, केळे नाही. दिवसभरात पिष्टे चौदा-पंधरा ग्रॅम. औषधाची गोड बाटलीसुद्धा बदलून गोळ्या घ्याव्या लागल्या. स्वयंपाकघरात सोनाराकडे शोभेल असा काटा आला आणि हिची चिमूटभर, मूठभर, अंदाजे ही सारी मापे निकालात निघाली.

नवी यादी वाचून वाणीदादांनी चष्मा वर केला.

"सर, खोबरेल डोक्याला लिहायचंय न्हवं? हितं खायला लिहिलंय."

"खायलाच."

"आणि साखर लिहायची राहिली बघा. गूळ बी न्हाई. साखरेचा आजार कुणाला?"

"मला," मी म्हणालो. का म्हणालो? फेफरे हा शब्द चार गिऱ्हाइकांत माझ्या तोंडून निघेना. मराठीचा प्राध्यापक, आणि शब्दापाशी अडला!

"मग सरांना बंद, बाळाला न्हाई की!" असे म्हणून त्यांनी नेहमीप्रमाणे धाकटीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. कोल्हापुरी गूळ तो. २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. दहा ग्रॅमांत नऊ ग्रॅम साखर, एवढेच त्या क्षणी मला आठवले. धाकटीने माझ्याकडे पाहिले आणि मूठ मिटली. घरी येऊन ती मूठ तिने दादापुढे उघडली. तळहात चिकट झाला होता. तो तिने नळाखाली धुतला, चाटला नाही.

बाकीची खरेदी तशी अवघड नाही. कपिलतीर्थ मंडईत मेथी, दोडका, फ्लॉवर मिळतो; बटाट्याकडे बघायचे नाही. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दुधाचे पेले रिकामे होत असतात, पण दुधातही साखर असते, म्हणून मी लोणी घेऊन निघतो. आमचा पांढरा रस्सा मात्र या परीक्षेत पास झाला! मटणाचे पाणी, नारळाचे दूध. काजू तेवढे मोजून.

एप्रिलात अकरा फिट आल्या, सप्टेंबरात दोन. रक्ताच्या तपासण्या चालू आहेत, डॉक्टर अजून "बघू" एवढेच म्हणतात. (कुणी हे वाचून आपल्या घरी परस्पर प्रयोग करू नये, ही विनंती.)

दिवाळीच्या यादीच्या दिवशी दुकानात गर्दी होती. वाणीदादांचा हात गुळाच्या ढेपेकडे गेला, तसा मी म्हणालो, "दादा, आजार मला नाही. हिला फिट येतात. गूळ चालत नाही."

ते क्षणभर थांबले. मागची गिऱ्हाइके खोळंबली होती.

"खोबरं चालतं?"

"चालतं. पण मोजून."

त्यांनी वेलदोड्याचा छोटा काटा पुढे ओढला आणि सुक्या खोबऱ्याची कातळी काढली. ती सहा ग्रॅम भरली. कोपरा मोडून पुन्हा तोलली.

"पाच. घे बाळ."

धाकटीने कातळी तोंडात टाकली आणि मला बजावले, "आईला सांगा हं, संध्याकाळच्यातनं पाच वजा."